फॉर्म्युला वनचं २०२६चं नियमपुस्तक : फुकट मिळतं, पण वाचायचं कसं?

मोटर शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयए या जागतिक संस्थेच्या संकेतस्थळावर हे नियमपुस्तक कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. पुस्तक म्हणायचं ते सोयीसाठी. खरं तर त्या सहा पीडीएफ आहेत: ए म्हणजे सर्वसाधारण तरतुदी, बी म्हणजे क्रीडा नियम, सी तांत्रिक, डी संघांचे आर्थिक नियम, ई इंजिन उत्पादकांचे आर्थिक नियम आणि एफ कामकाजाचे नियम. कलमाचा क्रमांक विभागाच्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे बातमीत ‘सी५’ दिसलं की तांत्रिक विभागातलं इंजिनाचं प्रकरण हे लगेच कळतं. ही मांडणी आधीच्यापेक्षा बरी आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. शर्यत बघताना ‘सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी अचानक मंद का झाली’ असा प्रश्न पडणाऱ्यासाठी याहून उपयोगी वस्तू नाही. पण संघ कुणी विकत घेतला, कशाच्या जोरावर, आणि एखाद्या नव्या संघाला दारातूनच परत का पाठवलं, हे याच पुस्तकात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. गाडीखालच्या फळीची जाडी मिलिमीटरमध्ये सांगणारं हे पुस्तक पैशांच्या दाराशी आलं की गप्प होतं. त्यामागे कारण आहे, त्याकडे पुढे येऊ.

उतरवून घेताना पहिल्या पानावरचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख बघा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. २०२६च्या गाडीचं पहिलं चित्र जून २०२४मध्ये जाहीर झालं तेव्हा डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) ३० टक्क्यांनी आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) ५५ टक्क्यांनी कमी होणार असं सांगितलं होतं. ही गाडी वळणावर फार हळू आणि सरळ रस्त्यावर फार वेगवान होईल अशी तक्रार संघांनी केली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये हवेचे नियम सैल झाले. तरी ते ३० आणि ५५ अजून जिथे तिथे छापले जातात. पुढे पंखांच्या स्थितींची नावंही बदलली: सुरुवातीचे ‘एक्स मोड’ आणि ‘झेड मोड’ आता ‘स्ट्रेट मोड’ आणि ‘कॉर्नर मोड’ झालेत. कुणी अजून एक्स-झेड म्हणत असेल तर त्याच्याकडची माहिती शिळी आहे असं समजा. हंगाम सुरू असतानाही आवृत्त्या निघतात. या परीक्षणातले आकडे हंगामापूर्वीच्या आवृत्त्यांतले आहेत, तेव्हा पैज लावण्याआधी ताजी आवृत्ती उघडा.

सी५ : कॅल्क्युलेटर घेऊन बसा

सगळं पुस्तक वाचायला वेळ नसेल तर फक्त इंजिनाचं प्रकरण वाचा. २०२६ची गाडी अशी का पळते, याची बहुतेक उत्तरं तिथे आहेत.

इंजिन तेच, १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो. टर्बोच्या दांड्यावर बसणारं, एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारं एमजीयू-एच गेलं. मागच्या चाकांशी जोडलेल्या एमजीयू-के मोटरची कमाल ताकद १२० किलोवॅटवरून थेट ३५० किलोवॅट झाली. पेट्रोलच्या बाजूची ताकद मात्र साडेपाचशेच्या आसपास होती ती चारशे किलोवॅटच्या घरात आली. ‘निम्मं इंजिन, निम्मी वीज’ ही घोषणा इथून आली.

पेट्रोलच्या बाजूला मर्यादा कशी घातली ते बघण्यासारखं आहे. पूर्वी तासाला १०० किलो इंधन असा नियम होता. आता किलोऐवजी ऊर्जा मोजतात: तासाला ३००० मेगाज्यूल. शाश्वत इंधन आलं तेव्हा वेगवेगळ्या पुरवठादारांच्या इंधनात किलोमागे ऊर्जा कमीजास्त असणार, म्हणून वजनाचं माप टिकलं नसतं. ३०००ला ३६००ने भागा: ०.८३३ मेगावॅट, म्हणजे ८३३ किलोवॅट इतकी ऊर्जा इंधनातून आत जाते. त्यातून ४०० किलोवॅट चाकाकडे निघत असतील तर इंजिनाची कार्यक्षमता ४८ टक्के झाली. फेरे १०,५०० आरपीएमच्या खाली असताना मर्यादा आणखी घट्ट होते. त्याचं सूत्रही दिलं आहे: फेऱ्यांना ०.२७ने गुणा आणि १६५ मिळवा. १०,५०० टाकून पाहा, बरोबर ३००० येतात. सूत्राचं टोक असं जुळलं की आपण योग्य ओळ वाचतोय याची खात्री पटते.

आता बॅटरी. घोडं पेंड खातं ते इथे. बॅटरीतली सर्वांत भरलेली आणि सर्वांत रिकामी स्थिती यांत ४ मेगाज्यूलपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. एका लॅपमध्ये ८.५ मेगाज्यूलपर्यंत ऊर्जा गोळा करता येते, आणि काही सर्किटवर एफआयए ही मर्यादा खाली आणू शकते. ४ मेगाज्यूलला ३५० किलोवॅटने भागा. उत्तर येतं ११.४ सेकंद. भरलेली बॅटरी पूर्ण जोरात ओतली तर साडेअकरा सेकंदांत संपली! लॅपभरात गोळा केलेले सगळे ८.५ मेगाज्यूल धरले तरी २४ सेकंद. जुन्या नियमात बॅटरीतून मोटरला लॅपमागे ४ मेगाज्यूल देता येत, पण मोटर १२० किलोवॅटची, त्यामुळे तेच ४ मेगाज्यूल ३३ सेकंद पुरत. वर एमजीयू-एचकडून मोटरला थेट मिळणारी वीज वेगळी, तिला मर्यादाच नव्हती.

म्हणजे मोटर तिप्पट मोठी झाली आणि तिचं पाण्याचं पिंप तेवढंच राहिलं. ब्रेक मारून ८.५ मेगाज्यूल मिळवणं जिथे मोठी ब्रेकिंगची वळणं कमी आहेत तिथे अवघड. मग ड्रायव्हर वळणाच्या आधीच पाय काढतो, किंवा पाय पूर्ण दाबलेला असतानाच मोटर जनित्रासारखी चालून इंजिनाच्या ताकदीतून बॅटरी भरते. प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच की सरळ रस्त्याच्या शेवटी गाडीचा आवाज तोच, वेग मात्र घसरतोय. टीव्हीवरचे लोक याला इंजिनाचा बिघाड म्हणण्याची घाई करतात. बिघाड नसतो, हिशोब असतो.

याच प्रकरणात एक जागा अशी आहे जिच्यासाठी हे पुस्तक जवळ ठेवावं. जून २०२४च्या प्रसिद्धिपत्रकात म्हटलं होतं की पुढच्या गाडीची विजेची ताकद ताशी २९० किमीनंतर उतरत जाईल आणि ३५५ला शून्य होईल, तर मागच्या गाडीला ३३७पर्यंत पूर्ण ३५० किलोवॅट मिळतील. नियमातलं सूत्र वाचा. ३४० किमीपर्यंत ताकद म्हणजे १८०० वजा वेगाची पाचपट. ३४०च्या पुढे ६९०० वजा वेगाची वीसपट. २९० टाकलं की ३५० येतात, ३४० टाकलं की १००, आणि ३४५ टाकलं की शून्य. शून्य ३४५ला होतं, ३५५ला नाही. ३५५ हा आकडा ओव्हरटेक मोडच्या, म्हणजे मागच्या गाडीला मिळणाऱ्या जादा विजेच्या, सूत्राचा आहे: ७१०० वजा वेगाची वीसपट. पत्रकाने एका गाडीचा आकडा दुसरीच्या नावावर टाकला आणि तो तसाच सगळीकडे फिरला.

या दोन सूत्रांत ३२० टाकून पाहा. पुढच्या गाडीला २०० किलोवॅट, मागच्या गाडीला ३५०. दीडशे किलोवॅट म्हणजे जवळजवळ दोनशे अश्वशक्ती जास्त. ३००ला हाच फरक अवघा ५० किलोवॅट आहे आणि ३४०ला तो २०० होतो. म्हणजे ओव्हरटेक मोडचा खरा फायदा लांबलचक सरळ रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. जिथे गाड्या ३००च्या पुढे जातच नाहीत तिथे हे बटण नावापुरतंच. शोधबिंदूवर, म्हणजे दोन गाड्यांतलं अंतर मोजण्याच्या ठरलेल्या जागी, पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात की हा मोड मिळतो आणि लॅपमागे अर्धा मेगाज्यूल जादा. अर्ध्या मेगाज्यूलचे पूर्ण जोरातले सेकंद किती? दीडही नाहीत.

फक्त मागच्या गाडीला मागचा पंख उघडू देणाऱ्या जुन्या डीआरएसच्या जागी हेच आलं असं सरसकट लिहिलं जातं ते अर्धवट आहे. पंख उघडण्याचं काम आता स्ट्रेट मोड करतो, पुढचे आणि मागचे दोन्ही पंख आडवे होतात, आणि ठरलेल्या पट्ट्यात तो प्रत्येक गाडीला मिळतो, पुढच्यालाही. मागच्यालाच मिळणारी मदत आता फक्त विजेची. डीआरएसवर वर्षानुवर्षं बोटं मोडणाऱ्यांनी हा फरक मुकाट्याने मान्य करायला हरकत नाही.

मापं, आणि मापातली मेख

गाडीचं अंग कमी झालंय. चाकांमधलं कमाल अंतर ३६०० मिमीवरून ३४००, रुंदी २००० वरून १९००, पुढचं टायर २५ मिमीने आणि मागचं ३० मिमीने अरुंद. चाकं १८ इंचीच. किमान वजनाचं लक्ष्य ३० किलोने खाली आणून ७६८ जाहीर झालं. रोल हूपला (ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या संरक्षक कमानीला) सोसावा लागणारा भार १६ जीवरून २० जी झाला आणि नाकाचा भाग दोन टप्प्यांत तुटेल असा केला. सुरक्षेचा हा भाग बातम्यांत येत नाही, पण या पुस्तकातली सर्वांत नेटकी पानं हीच.

हवेच्या प्रकरणाबद्दल मात्र आधीच सावध करतो. पंख, तळ, बाजूच्या फळ्या यांचं वर्णन निर्देशांकांच्या चौकटींत आहे: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंतची जागा, तिच्या आतच पृष्ठभाग असला पाहिजे, वक्रतेची त्रिज्या इतक्याहून कमी नको. त्रिमिती आराखड्याचं सॉफ्टवेअर वापरायची सवय नसेल तर हे वाचणं म्हणजे शिक्षा. त्यातल्या चाचण्यांची कलमं तेवढी वाचा. पंख किती वाकला तर चालेल, किती भार टाकून मोजतात, हे तिथे साध्या आकड्यांत मिळतं. २०२५च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून पुढच्या पंखावर दोन्ही बाजूंना सारखा भार टाकल्यावरची सूट १५ मिमीवरून १० मिमी केली, तेव्हा पाच मिलिमीटरसाठी संघांनी नवे पंख बनवले.

पळवाटा कुठे सापडतात? व्याख्यांत आणि मोजण्याच्या पद्धतीत. आकडा सहसा पक्का असतो. तो कधी, कुठे, कशाने मोजायचा यात पाणी मुरतं. ताजं उदाहरण कॉम्प्रेशन रेशोचं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्या गुणोत्तराचं. पूर्वी १८ होता, २०२६साठी कमाल १६ केला. हेतू असा की नव्या उत्पादकांना इंजिन बनवणं सोपं जावं. पण नियमात मोजणी साध्या तापमानाला, म्हणजे इंजिन थंड असताना, करायची होती. धातू तापला की प्रसरण पावतो. मग चालत्या, तापलेल्या इंजिनात हे गुणोत्तर १६च्या वर गेलं तर ते नियमात की नियमाबाहेर? हंगाम सुरू होण्याआधीच उत्पादकांची यावरून जुंपली. दोन्ही बाजू एकाच कलमावर बोट ठेवत होत्या. एक बाजू आकडा दाखवत होती, दुसरी त्याच्या पुढचं मोजणीचं वाक्य.

२००९चा दुहेरी डिफ्यूझर (गाडीच्या तळाचा मागे वर उचललेला, डाउनफोर्स देणारा भाग) याच जातीचा. डिफ्यूझरची उंची नियमात पक्की होती, पण पायरी आणि तळ यांच्यामधल्या फटीतून वरच्या मजल्यावर हवा नेली तर ते भोक मानायचं की नाही, हे शब्दांवर ठरणार होतं. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांनी ते शब्द आपल्या बाजूने वाचले आणि अपिलातही तेच टिकले.

उलट जिथे मोजणी पक्की तिथे दयामाया नाही. गाडीखालची फळी नवी असताना १० मिमी जाड, झिजून ९ मिमीच्या खाली गेली की बाद. २०२५ला लास वेगसमध्ये दुसऱ्या क्रमांकावरचा नॉरिस आणि चौथ्यावरचा पियास्त्री, मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या याच कलमाखाली निकालातून पुसल्या गेल्या. गाडी जमिनीजवळ ठेवली की डाउनफोर्स मिळतो, पण शर्यतीत ती अपेक्षेपेक्षा जास्त उसळली की फळी घासते. सरावात तसं घडलं नसेल तर शर्यतीत ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण पात्रता फेरी सुरू झाल्यावर गाडीची उंची बदलता येत नाही.

आणखी एक उणीव इथेच नोंदवतो. एफआयए संघांना ‘तांत्रिक निर्देश’ पाठवते: अमुक कलमाचा आम्ही असा अर्थ लावतो, तमुक चाचणी या तारखेपासून अशी घेऊ. हे निर्देश जाहीर केले जात नाहीत. म्हणजे पुस्तक पाठ असलं तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तांत्रिक विभागाला पाचपैकी साडेचार गुण द्यावेत आणि या एका कारणासाठी अर्धा परत घ्यावा, असं हे पुस्तक.

क्रीडा नियमांचं थोडक्यात उरकतो. अकरा संघ झाल्याने २२ गाड्या. पात्रता फेरीत पहिल्या दोन टप्प्यांत प्रत्येकी सहा गाड्या बाहेर, शेवटच्यात दहा. बाकीचं शर्यती बघता बघता कळतं.

डी आणि ई : पैशांची वही

खर्चमर्यादेचे नियम कंटाळवाणे वाटतात, पण मालकीच्या बातम्या समजायच्या तर हाच पाया. २०२१ला संघांची मर्यादा १४.५ कोटी डॉलर होती, २०२३पासून मूळ आकडा १३.५ कोटी. २०२६ला तो एकदम २१.५ कोटी झाला. उडी बघून संघांना लॉटरी लागली असं समजू नका. पूर्वी वगळलेल्या अनेक बाबी आता मर्यादेच्या आत आल्या आणि महागाईची भर मूळ आकड्यात धरली गेली. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून टक्केवारी काढणाऱ्या बातम्यांना वाटाण्याच्या अक्षता लावाव्यात. इंजिन उत्पादकांची वेगळी मर्यादा ९.५ कोटींवरून १३ कोटी झाली आहे.

वाचायची असते ती वगळलेल्या खर्चांची यादी. ड्रायव्हरांचा पगार, सर्वाधिक पगार असलेल्या तिघांचा पगार, जाहिरात आणि विपणन: हे मर्यादेबाहेर. म्हणजे श्रीमंत मालकाचा पैसा गाडीच्या सुट्या भागांत ओतता येत नसला तरी ड्रायव्हर आणि मुख्य अभियंत्यावर ओतता येतो. नियम मोडला तर काय होतं याचं नीट नोंदलेलं उदाहरण रेड बुलचं आहे. २०२१ची त्यांची मर्यादा १.६ टक्क्यांनी ओलांडली गेली. करसवलतीची नोंद बरोबर केली असती तर तोच आकडा ०.३७ टक्के झाला असता, असं एफआयएनेच लिहिलं. शिक्षा ७० लाख डॉलर दंड आणि हवाई चाचण्यांच्या वेळेत १० टक्के कपात. यातली दुसरी जास्त बोचणारी, कारण विजेत्या संघाला विंड टनेलचा वेळ तसाच सगळ्यांत कमी मिळतो: पहिल्या क्रमांकाला आधारवेळेच्या ७० टक्के, आणि खाली प्रत्येक पायरीला पाच टक्के जास्त.

इंजिनांसाठीही असाच एक टेकू आहे. हंगामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात पेट्रोल इंजिनांची ताकद तोलली जाते. सर्वोत्तम इंजिनापेक्षा दोन ते चार टक्के मागे असलेल्याला एक जादा सुधारणा, चार टक्क्यांहून मागे असलेल्याला दोन. बक्षीस मागे पडण्याला आहे, त्यामुळे सुरुवातीला कोण खरंच मागे आहे आणि कोण हात राखून आहे, यावर पॅडॉकमध्ये शंका घेतली जाणारच.

तांत्रिक विभागाच्या शेवटी सुट्या भागांचं वर्गीकरण आहे, तेही पैशांच्याच नजरेने वाचा. कोणता भाग संघाने स्वतःच आखायचा आणि कोणता दुसऱ्याकडून घेतला तरी चालेल, याची ही यादी. हास संघाचा सगळा धंदा या यादीवर उभा आहे: जे फेरारीकडून घेता येतं ते घ्यायचं. यादी बदलली की काय होतं ते २०२०ला दिसलं. ब्रेक डक्ट (ब्रेकपर्यंत हवा नेणारे मार्ग) २०१९पर्यंत विकत घेता येत होते, २०२०पासून स्वतः आखायच्या भागांत गेले. रेसिंग पॉइंट संघाच्या मागच्या ब्रेक डक्टचा आराखडा मर्सिडीजकडून आलेला ठरला. १५ गुण कापले गेले आणि चार लाख युरो दंड झाला. भाग मात्र काढायला लावले नाहीत.

जिथे पुस्तक गप्प बसतं

आता मालकी. नवा संघ येण्यासाठी दोन दारं आहेत आणि पुस्तकात त्यातलं एकच दिसतं. पहिलं एफआयएचं: तांत्रिक क्षमता, पैसा, माणसं. दुसरं व्यावसायिक हक्क असलेल्या कंपनीचं. ही विभागणी का, तर २००१च्या सुमारास युरोपीय आयोगाबरोबरचा वाद मिटवताना नियम करणारा आणि पैसे मिळवणारा वेगळे करावे लागले. स्पर्धा एफआयएच्या मालकीची राहिली आणि व्यावसायिक हक्क २०११ ते २११० अशा शंभर वर्षांसाठी भाड्याने गेले. जानेवारी २०१७पासून ते लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीकडे आहेत. पैशांची वाटणी ठरवणारा काँकर्ड करार गोपनीय आहे. नवा, २०३०पर्यंतचा करार झाला, पण तुम्हाआम्हाला वाचायला मिळणार नाही. झाकली मूठ.

आंद्रेत्ती या अमेरिकी संघाच्या अर्जात ही दोन दारं एकामागोमाग दिसली. ऑक्टोबर २०२३मध्ये एफआयएने होकार दिला. ३१ जानेवारी २०२४ला व्यावसायिक बाजूने नकार दिला आणि जनरल मोटर्सचं स्वतःचं इंजिन घेऊन आलात तर २०२८साठी वेगळा विचार करू, असं सुचवलं. नोव्हेंबर २०२४मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकच्या नावाने तत्त्वतः करार झाला आणि मार्च २०२५मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. इंजिन सुरुवातीला फेरारीचं, स्वतःचं २०२९पासून. प्रवेशासाठी इतर संघांना वाटून द्यायची रक्कम आधीच्या करारात २० कोटी डॉलर होती. कॅडिलॅकने ४५ कोटी दिल्याच्या बातम्या आहेत. सहा पीडीएफ चाळल्या तरी यातलं काही सापडत नाही.

म्हणून मालकीची बातमी वाचताना पुस्तकाऐवजी काही प्रश्न हाताशी ठेवावे लागतात. शेअर घेतले की मालमत्ता? स्पर्धेतली नोंद कंपनीच्या नावावर असते. ऑडीने झाउबरची कंपनीच टप्प्याटप्प्याने पूर्ण घेतली, पुढे कतारच्या गुंतवणूक संस्थेला त्यात हिस्सा दिला, आणि नोंद अखंड राहून २०२६ला फक्त नाव बदललं. २०१८ला फोर्स इंडिया दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा कॅनडाचा उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल याच्या गटाने मालमत्ता घेतली, कंपनी नाही. तीच गाडी, तेच ड्रायव्हर, तोच कारखाना, पण बेल्जियमच्या शर्यतीपासून संघ नवा धरला गेला आणि आधीचे ५९ गुण गेले. ड्रायव्हरांचे गुण राहिले. उरलेल्या शर्यतींत ५२ गुण मिळवून नवा संघ सातवा आला.

टक्केवारी कशाची, हा दुसरा प्रश्न. नोव्हेंबर २०२५मध्ये क्राउडस्ट्राइक कंपनीचा प्रमुख जॉर्ज कुर्त्झ याने मर्सिडीज संघात १५ टक्के हिस्सा घेतला असं अनेक मथळ्यांत आलं. प्रत्यक्षात घेतला तो संघाचा प्रमुख टोटो वोल्फ याच्या गुंतवणूक कंपनीतला १५ टक्के. त्या कंपनीकडे संघाचा एक तृतीयांश भाग, म्हणजे संघातला हिस्सा पाच टक्के. संघाची किंमत सहा अब्ज डॉलर धरली गेल्याचं सांगितलं जातं, ती या पाच टक्क्यांवरून.

आणि हिस्सा नेमका कोणत्या कंपनीत? जून २०२३मध्ये गुंतवणूकदारांच्या गटाने अल्पीनचा २४ टक्के भाग २० कोटी युरोंना घेतला. भागाकार केला की संघाची किंमत ८३ कोटी युरो येते. पण तो भाग इंग्लंडमधल्या एन्स्टोनच्या, गाडी बनवणाऱ्या कंपनीत होता. फ्रान्समधल्या विरी-शातियोंचा इंजिन कारखाना त्यात नव्हता. सप्टेंबर २०२४मध्ये रेनोने फॉर्म्युला वनचं इंजिन बंद करायचं ठरवलं आणि २०२६पासून अल्पीनने मर्सिडीजचं इंजिन घेतलं, तेव्हा या गुंतवणूकदारांच्या कंपनीतून काहीच गेलं नाही. उलट, इंजिन आता विकत घ्यायची वस्तू झाली. मॅक्लारेनचे व्यवहार असेच वाचता येतात, डोरिल्टन या गुंतवणूक कंपनीने २०२०मध्ये केलेला विल्यम्सचा सौदाही.

रेड बुलकडे दोन संघ कसे, हा प्रश्न दर वर्षी उगवतो. पुस्तक त्यावर थेट मत देत नाही. ते भागांची देवाणघेवाण आणि माहितीची ये-जा यांवर अटी घालतं. दोन संघांच्या मालकीला हरकत असलेल्यांची तक्रार अशी की अटी कितीही कडक केल्या तरी दोन्ही पगारपत्रकांवर सही एकाच घराण्याची. या तक्रारीचा निकाल सी विभागात शोधू नका.

शेवटची सूचना वापराबद्दल. हे पुस्तक एकटं वाचू नका, शर्यतीच्या शनिवार-रविवारी एफआयए जी निर्णयपत्रं टाकते त्यांच्यासोबत वाचा. तीही फुकट आहेत, एकेका पानाची, आणि प्रत्येकात कलमाचा क्रमांक असतो. स्पा, २०२४: जॉर्ज रसेल पहिला आला. गाडी तोलली, ७९८.० किलो, म्हणजे त्या वर्षीच्या किमान वजनाला अगदी टेकलेली. मग इंधन काढून पुन्हा तोलली, ७९६.५. त्या वर्षीच्या तांत्रिक नियमांतलं कलम ४.१ म्हणतं की वजन इंधनाशिवाय. पत्र एका पानाचं, कारण दोन ओळींचं, आणि पहिला क्रमांक हॅमिल्टनला गेला.